बोट कोणाची, प्रवासी कोण?

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने समुद्रपर्यटनावर लेखणी उचलावी, हे काहीसे विपरीत वाटेल. आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही. दिसतो तो सह्याद्रीचा कडा, आणि पावसाळ्यात त्या कड्यावरून कोसळणारे पाणी. परंतु त्या पाण्याची जी सावित्री होते, ती महाबळेश्वरी उगम पावून, पोलादपूर आणि महाड मागे टाकून, दासगावपाशी रुंदावत जाऊन बाणकोटला समुद्रास मिळते. रस्ते धड नव्हते त्या काळी मुंबईच्या गिरणीत राबणारा आमच्या डोंगरी मुलखातला माणूस याच पाण्याने घरी येत असे. माझे वडील लालबागच्या एका चाळीत दहाजणांच्या खोलीत राहिले. गणपतीला गावी येताना डेकचे तिकीट काढायचे, वळकटी पसरून तिच्यावर बसायचे, बाणकोटला आगबोटीतून पडावात उतरायचे, खाडीतून भरतीच्या पाण्यावर दासगाव गाठायचे आणि तेथून डोक्यावर ट्रंक घेऊन पायी निघायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांना दर खेपेस बोट लागे. तरीही ‘आपली बोट’ असाच त्यांचा शब्द असे. हा ‘आपली’ हा शब्द मी पुढे पुन्हा घेणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. त्या निमित्ताने पुण्यास नोकरी करणाऱ्या कन्येने आम्हां उभयतांस मुंबई-गोवा-मुंबई अशा दोन रात्रींच्या क्रूझचे तिकीट पाठविले. महाडच्या शाळेत उभा जन्म मास्तरकी केलेल्या आणि खादी घालणाऱ्या माणसाला हा नजराणा अवघड वाटला, हे कबूल केले पाहिजे. त्यातून कंपनीचे नाव कधी कानावरून गेलेले नव्हते. एसटीची गाडी कोणाची हे पोलादपूरच्या स्थानकावर शेंबडे पोरही सांगेल. पण ही बोट कोणाची, ती कोठे नोंदलेली, काही कमीजास्त झाले तर जाब कोणाला विचारायचा, हे तिकिटाच्या अकरा पानांवरून मला कळेना. मी पत्नीला म्हटले, ‘‘ही कंपनी कोण कुठली, आपल्याला काही ठाऊक नाही.’’ ती म्हणाली, ‘‘अहो, कंपनी कोणाची का असेना, समुद्र तर आपलाच आहे ना!’’ त्या वाक्याने मी निरुत्तर झालो. पण बोटीवरचे दोन दिवस मात्र त्या वाक्याचाच विचार करीत घालविले.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. चैन ही श्रीमंतांची आणि कष्ट हे गरिबांचे, ही विभागणी समाजवाद्यांनी कधीच मान्य केलेली नाही. मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग याने १८८० साली आळसाच्या हक्कावर पुस्तिकाच लिहिली होती. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लुमचे सरकार आले आणि कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या रेल्वे तिकिटावर हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. तेव्हा आमच्यासारख्या जोडप्याने उतारवयात दोन रात्री समुद्रावर काढल्या तर त्यात काही पाप नाही. माझ्या पत्नीने आयुष्यभर चूल, भातलावणी, चार मुलांची बाळंतपणे आणि सासूसासऱ्यांची आजारपणे केली. सावित्रीचे पाणी तिने लहानपणापासून भरले. ते पाणी पुढे कोठे जाते हे मात्र साठी उलटल्यावर पाहिले. पहाटे वरच्या डेकवर शाल पांघरून ती दीड तास काही न बोलता उभी होती. तिच्या त्या दीड तासाविरुद्ध मला एक अक्षरही लिहावयाचे नाही. जे लिहावयाचे आहे ते निराळेच आहे.

मुंबईच्या धक्क्यावर आम्ही चढलो. बोट सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांना एकत्र करून संकटकाळी कोठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, याची कवायत घेण्यात आली. बहुतेक तरुण मंडळी त्या वेळी स्वतःची छायाचित्रे काढण्यात दंग होती. या कवायतीचा इतिहास त्यांना कोणी सांगितला असता तर कदाचित त्यांनी कान दिला असता. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही प्रचंड पर्यटन नौका खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच ही कवायत घेणे बंधनकारक झाले. समुद्रावरचा प्रत्येक नियम असा कोणाच्या तरी मरणाने लिहिला गेला आहे.

कोकणच्या माणसाला त्यासाठी इटलीला जाण्याचे कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या. सणाला घरी निघालेली, हातात बाजाराच्या पिशव्या असलेली ही माणसे होती. बोटीवरून मुंबईला संदेश जाण्याची सोय नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनीच बातमी पोहोचविली. जे वाचले त्यांतील पुष्कळांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. आणि ही बोट कोणा परक्या, अनोळखी कंपनीची नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती ज्या देशी सहकारी कंपनीची होती, तिला किनाऱ्यावरचे लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. इंग्रज आगबोटवाल्यांच्या मक्तेदारीला तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या वाऱ्यावर ती उभी राहिली होती. बोटींना संतांची नावे देण्याची तिची प्रथा होती. दक्षिणेत चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिनला अशीच स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा इंग्रज कंपनीने भाडे इतके खाली आणले की प्रवाशांना जवळजवळ फुकट न्यावयाची तयारी दाखविली. आणि पुढे पिळ्ळै यांची रवानगी तुरुंगात झाली. तात्पर्य, आगबोट ही आपल्याकडे केवळ वाहन कधीच नव्हती. ती राजकारणाचा विषय होती. पण रामदासने शिकविलेला धडा कठोर आहे. नाव आपले असले, संताचे असले, मालक देशी असला, म्हणून जाकिटांची संख्या वाढत नाही. ती कायद्याने आणि तपासणीनेच वाढते.

म्हणून कंपनी अनोळखी आहे हा माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की तिला अनोळखी राहण्याची मुभा आहे.

याचा अनुभव आम्हांला दुसऱ्या दिवशी आला. ज्या कंपनीने आम्हांला नेले तिचे नाव येथे घेत नाही; एका कंपनीला झोडपून प्रश्न सुटत नाही. गोव्यात सबंध दिवस थांबणार असे तिकिटावर छापले होते. मला मडगावच्या लोहिया मैदानावर जायचे होते. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी तेथे पोर्तुगीज सत्तेचा सभाबंदीचा हुकूम मोडला; त्या मातीला एकदा हात लावावा अशी जुनी इच्छा होती. सकाळी ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की बंदरातील जागेच्या अडचणीमुळे मुक्काम तीन तासांवर आणला आहे. तीन तासांत मुरगावहून मडगावला जाऊन परतणे, आणि पुन्हा सामानाच्या तपासणीच्या रांगेत उभे राहणे, आमच्या वयाला झेपणारे नव्हते. आम्ही धक्क्याबाहेर चहा घेतला आणि परत आलो. स्वागतकक्षातल्या मुलीला मी विचारले, तेव्हा तिने अत्यंत अदबीने तिकिटातील एक कलम दाखविले. कंपनीस कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, मार्ग, वेळ व बंदर बदलता येईल आणि त्यापोटी प्रवाशास कोणतीही भरपाई मागता येणार नाही. उलट प्रवाशाने शेवटच्या आठवड्यात तिकीट रद्द केल्यास एक पैसाही परत नाही. एकाच कागदावर एका पक्षाला सर्व स्वातंत्र्य आणि दुसऱ्याला सर्व बंधने! सावकाराच्या खतावर अंगठा उठविणाऱ्या आमच्या आजोबांना निदान खत वाचता येत नव्हते. आम्ही वाचता येत असूनही वाचले नाही, एवढाच फरक.

पैशाचीही तीच कथा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो आकडा होता, त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती. त्या चांदणीचा अर्थ हळूहळू उलगडत गेला: बंदरशुल्क वेगळे, कर वेगळा, सेवकांच्या बक्षिसीची रक्कम माणशी व दरदिवशी वेगळी. सर्व मिळून मूळ आकड्याच्या सुमारे दीडपट झाली. खोलीला खिडकी नव्हती. खिडकीचे पैसे निराळे. समुद्र पाहावयास निघालेल्या माणसाला समुद्राकडे पाठ केलेली खोली द्यायची आणि समुद्राचे दृश्य वेगळे विकायचे, या व्यापारी बुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडी.

येथे वाचकांस एक उपयुक्त माहिती देतो, कारण आपली मुले अशी तिकिटे आता वरचेवर पाठविणार आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना प्रथमच आली. सबळ कारणाशिवाय एका पक्षालाच करार मोडण्याचा अधिकार देणारी, ग्राहकाच्या हक्काला बाध आणणारी कलमे राज्य आयोगापुढे आव्हानित करता येतात. सेवेतील त्रुटीची साधी तक्रार तर ग्राहक जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. म्हणजे पोलादपूरच्या माणसाला त्यासाठी कंपनीच्या कचेरीच्या दारी जाण्याची गरज नाही, अलिबाग पुरे. कंपन्या तिकिटावर सर्व वाद अमुक शहरातच चालतील असे छापतात ते याच धास्तीने. ते वाचून घाबरण्याचे कारण नाही. परंतु किती प्रवासी दोन रात्रींच्या मौजेसाठी अलिबागच्या खेपा घालतील? कंपनीचा हिशेब नेमका यावरच असतो.

आता बोटीच्या दुसऱ्या बाजूविषयी. आमची खोली झाडणारा मुलगा गुहागरकडचा निघाला. मी कोकणातला आहे हे कळल्यावर तो ‘काका’ म्हणू लागला, आणि पत्नीला ‘काकी’. सकाळी सहाला तो जिन्यात दिसे, रात्री अकरालाही तोच दिसे. मधल्या वेळी झोप मिळते का, असे काकींनी विचारले तर हसला. कराराची मुदत आठ महिने. त्यानंतर घरी, आणि पुन्हा बोलावणे आले तर यायचे, न आले तर नाही. संघटना आहे का, या प्रश्नावर तो दाराकडे पाहून गप्प बसला. त्याला अडचणीत आणणारे आणखी काही मी लिहिणार नाही. परंतु नाविकांच्या श्रमाविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली स्वीकारला आहे, आणि त्यात चोवीस तासांत किमान दहा तास व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. हा नियम खोली झाडणाऱ्याला आणि ताटे उचलणाऱ्यालाही लागू आहे. तोही कायद्याच्या दृष्टीने नाविकच आहे. प्रवाशांना आपत्काळी जमण्याची जागा दाखविणारे फलक बोटीवर पावलोपावली होते. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचा तक्ताही कामगारांना दिसेल असा लावावा, असे तोच करार सांगतो. तो तक्ता गुहागरच्या मुलाने पाहिला असेल. माझा प्रश्न एवढाच, की त्यावरचे तास आणि त्याचे तास जुळतात का, हे पाहायला कोण येते?

येथे ध्वजाचा प्रश्न येतो. बोट ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाचा कायदा तिच्यावर चालतो, हा समुद्राचा जुना संकेत. मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या देशाचे, प्रवासी तिसऱ्या देशाचे आणि झेंडा मात्र पनामाचा, लायबेरियाचा किंवा बहामाचा, कारण तेथे कर हलका आणि तपासणी त्याहून हलकी. ही युक्ती जुनी आहे. जगातील वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९४८ पासून या सोयीच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालविली आहे. रस्त्यावर कोणी परदेशी नंबराची मोटार घेऊन भाडे मारू लागला तर हवालदार त्याला पहिल्याच चौकात अडवील. समुद्रात चौक नसतो.

रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम होता, खाली जुगाराचे टेबल होते, आणि वरच्या मजल्यावर निवडक खोल्यांतील प्रवाशांसाठी राखून ठेवलेली बैठकीची जागा होती. साखळी लावून तीवर पाटी टांगली होती. डेकचा प्रवासी आणि वरच्या वर्गाचा प्रवासी हा भेद वडिलांच्या आगबोटीवरही होता, हे मी विसरलेलो नाही. त्या बोटीचे मी गोडवे गात नाही. डेकवर उलट्या, कोंबड्या आणि माणसे एकत्र असत. पण त्या डेकवरच्या माणसाला बोटीची गरज होती आणि बोटीला त्याची. येथे आमची गरज फक्त आमच्या पाकिटापुरती.

आणि सरकारने मनात आणले तर तेही कामगारांना जलविहार घडवू शकते, एवढ्याने हुरळून जाण्यातही अर्थ नाही. जर्मनीत नाझींनी मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडून काढल्या आणि नंतर कामगारांसाठी ‘आनंदातून शक्ती’ नावाची संस्था काढली. तिच्यासाठी १९३७ साली ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ ही बोट पाण्यात सोडली गेली, आणि तीवर वर्गभेद नाही असा गाजावाजा करण्यात आला. संप करण्याचा हक्क काढून घेतला आणि डेकवरची खुर्ची दिली! समुद्रसफर हा हक्क म्हणून मिळाली की दयेचे दान म्हणून, हा फरक म्हणूनच पाहावा लागतो.

पत्नीचे ते वाक्य येथे पुन्हा आठवते. समुद्र आपला आहे हे खरे. पण त्यावरून जाण्याचा मार्ग आपला राहिलेला नाही. आमच्या तालुक्यांना तर या मार्गाचे विशेष देणे आहे. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेवर प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. तेथे हजारो सत्याग्रही त्यांची वाट पाहत होते; तेथून ते महाडला चालत गेले आणि त्याच रात्री परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याचा लढा पाण्यासाठी होता आणि त्याचे सैनिक पाण्यावरूनच आले. आज दासगावच्या त्या धक्क्यावर मुंबईची प्रवासी बोट लागत नाही. खाडी गाळाने भरली, रस्ता झाला, बोटीची आठवण काढणारी पिढी संपत आली.

मुंबई-कोकण किनाऱ्याची प्रवासी बोटसेवा खाजगी कंपन्यांकडून पुढे सार्वजनिक क्षेत्रातील मोगल लाइनकडे आली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली. तोट्यात होती, असे सांगण्यात आले. एसटीही तोट्यात असते. म्हणून कोणी ती बंद करा म्हणत नाही, आणि म्हटले तर लोक रस्त्यावर येतील. पुढे १९९० च्या दशकात गोव्याला जलद कॅटमरान निघाली. ती श्रीमंतांची होती आणि तीही टिकली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाची बोट मोठ्या थाटाने मुंबईहून गोव्याला निघाली. नाव कान्होजींचे, पण कान्होजींच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत ती थांबत नव्हती, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर ती सेवा पुन्हा उभी राहिली नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलेश क्रूझेस या कंपनीची ‘कर्णिका’ वर्षभरातच अडकली. न्यायालयाच्या हुकमाने तिचा लिलाव झाला आणि ती अलंगच्या भंगार किनाऱ्यावर गेली. अशा वेळी आगाऊ पैसे भरलेला प्रवासी आणि पगार थकलेला कामगार हे धनकोंच्या रांगेत कोठे उभे असतात, हे सांगायला नको.

हे सारे समोर असताना केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत समुद्रपर्यटकांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. पर्यटक वाढावेत, आमची हरकत नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या प्रवासाचे मिशन कोठे आहे? आमच्या बाजूस प्रवास म्हणजे काय, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री देशाने पाहिले. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले आणि त्यांची बस आमच्या आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. त्यातून एकच जण वाचला. दरीतून मृतदेह वर आणणाऱ्या तरुणांत माझे विद्यार्थी होते. आठवड्याची सुटी साधून चार घटका मौज करायला निघालेली ती साधी नोकरदार माणसे होती, आमच्यासारखीच. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून किती रेंगाळले, हे सर्वश्रुत आहे. सारा भार एका रस्त्यावर टाकायचा, आणि शेजारी पसरलेला, न खचणारा, न रुंदवावा लागणारा मार्ग मौजेसाठी राखून ठेवायचा, ही कोणती नियोजनबुद्धी?

दुसरे काही शक्यच नाही असे म्हणणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे. तेथे १८९३ पासून किनारी आगबोट चालते. बर्गेनपासून उत्तरेच्या टोकाला किर्केनेसपर्यंत ती ३४ बंदरे घेते. सरकार तिच्याशी करार करते, ठरलेली बंदरे ठरलेल्या वेळी घेतलीच पाहिजेत अशी अट घालते आणि त्यासाठी पैसे मोजते. त्याच बोटीत जगभरचे हौशी प्रवासी महागडी खोली घेऊन बसतात आणि त्याच बोटीत पुढच्या बंदराला जाणारा गावकरी चार तासांचे तिकीट काढून चढतो. पर्यटकाच्या पैशाने गावकऱ्याची बोट चालायला हातभार लागतो. बंदर चुकविण्याची मोकळीक तेथेही वादळापुरतीच. आपल्याकडे बागमांडला-वेश्वी दरम्यान, म्हणजे आमच्याच सावित्रीच्या मुखावर, वाहने नेणारी फेरीबोट चालते आणि ती लोकांच्या रोजच्या उपयोगाची आहे; २०२० पासून मुंबई-मांडवा मार्गावर मोटारी नेणारी बोटही धावू लागली. तेव्हा समुद्र प्रवासाला अनुकूल नाही ही सबब चालणार नाही. पावसाळ्याचे तीन-चार महिने सेवा बंद राहील. ती वडिलांच्या काळीही राहत असे.

आमच्या मागण्या त्यामुळे साध्या आहेत. ज्या पर्यटन कंपनीला मुंबईचा धक्का वापरावयाचा आहे तिने मालक, ध्वज आणि भारतातील जबाबदार अधिकाऱ्याचे नाव तिकिटाच्या पहिल्या पानावर मराठीत छापावे. प्रवाशांकडून आगाऊ घेतलेली रक्कम प्रवास होईपर्यंत वेगळ्या खात्यात राहावी, म्हणजे कंपनी बुडाली तरी ती धनकोंच्या हाती जाणार नाही. जाहिरातीत एकच आकडा असावा, सर्व करांसह. कामगारांच्या विश्रांतीच्या तासांची तपासणी भारतीय बंदरात, भारतीय निरीक्षकाने, कामगार प्रतिनिधीच्या समक्ष करावी. आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने मुंबई ते वेंगुर्ले किनाऱ्यावर बाणकोटसह जुन्या बंदरांना जोडणारी, डेकचे तिकीट असलेली सार्वजनिक बोट किती खर्चात चालेल याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. एसटीने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट केले. ते झाल्यावर आमच्या भागातील बायका माहेरी, बाजारी, दवाखान्यात अधिक मोकळेपणाने जाऊ लागल्या, हे मी रोज स्थानकावर पाहतो. रस्त्यावर जे जमले ते पाण्यावर का जमू नये, हे बोर्डाने सांगावे.

परतीच्या सकाळी बोट मुंबईच्या धक्क्याला लागण्यापूर्वी एक छापील पत्रिका प्रत्येकाच्या हाती देण्यात आली. जेवण कसे होते, गाणी कशी होती, बिछाना मऊ होता का, असे वीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे पाच चांदण्या. पत्नीने समुद्रापुढे पाच चांदण्या रंगविल्या, जेवणापुढे तीन, आणि गुहागरच्या त्या मुलाचे काम उत्तम असे शब्दांत लिहिले. मी मागच्या कोऱ्या बाजूस लोहिया मैदान, तीन तास आणि ते कलम यांविषयी लिहून खाली पोलादपूरचा पत्ता दिला. पाच महिने झाले. उत्तर आलेले नाही. तक्रारीचा मसुदा तयार आहे. येत्या सोमवारी महाडहून अलिबागच्या एसटीने आम्ही दोघेही जात आहोत; तिचे तिकीट अर्धे पडेल.